जुन्या धुण्याच्या पावडरी, वड्या आणि त्यांच्या जाहिराती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात साखर पेठेत आमचं किराणा दुकान होतं. ते बंद केलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची एक पेटी निघाली. आत साबणाची वेष्टनं, पावडरचे रिकामे खोके आणि एजन्सीवाल्यांनी दिलेली कॅलेंडरं. ती मी रद्दीत घातली नाहीत, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक जुने पुडे आणून देतात आणि सोबत प्रश्नही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

पावडर येण्याआधी सोलापुरात धुणं कशानं व्हायचं?

बार साबण आणि धुण्याचा सोडा. रेशीमकाठी इरकल किंवा लग्नातला शालू असेल तर रिठा, कारण सोड्यानं रेशीम खरखरीत होतं आणि रंगही उतरतो. ज्यांना परवडायचं त्यांचे कपडे परटाकडे जायचे. तिथं सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे. 'परीटघडी' हा शब्द तिथून आला आणि भट्टी गेली तरी भाषेत राहिला.

बार साबण म्हणजे हातभर लांबीची कांडी. आमच्याकडे टाटा ऑइल मिल्सचा ५०१ जास्त खपायचा. गिऱ्हाईक सगळा बार नेत नसे, तुकडा मागायचं. वडील बार फळीवर ठेवायचे, दोन टोकांना लाकडी मुठी असलेली तार त्यावर धरायचे आणि सरळ खाली दाबायचे. सुरीनं कापला तर साबण कडेला तुटतो, तारेनं कापला की काप आरशासारखा गुळगुळीत. फळीवर जो चुरा पडे तो वेगळ्या डब्यात जायचा. लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी मिलमधल्या कामगाराच्या घरात पगाराच्या आठवड्यात तुकडा जायचा, महिनाअखेरीस चुरा. वहीवर नुसतं खरेदीचं पान बघूनही पगाराची तारीख कळायची.

भारतात विकला गेलेला पहिला नावाजलेला धुण्याचा साबण कुठला?

सनलाइट. इंग्लंडमध्ये लिव्हर बंधूंनी तो १८८४ साली काढला आणि १८८८ च्या उन्हाळ्यात त्याची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. वडीवर 'लिव्हर ब्रदर्सनी इंग्लंडमध्ये बनवलेला' असा इंग्रजीत ठसा होता. त्याआधी साबण सुट्टा, वजनावर विकायचा माल होता. नाव छापलेल्या वडीला गिऱ्हाइकानं नावानं हाक मारायची, ही सवय त्यानं लावली.

साबण आणि डिटर्जंट एकच ना?

नाही, आणि सोलापूरकरानं तर हा घोळ मुळीच करू नये.

साबण तेल किंवा चरबीत कॉस्टिक सोडा घालून होतो. डिटर्जंट कृत्रिम आहे, त्याचा मुख्य घटक पेट्रोलियमपासून येतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला तेव्हा साबणाला पर्याय शोधायला सुरुवात झाली. घरगुती धुण्यासाठी जर्मनीत १९३२ साली 'फेवा' आणि अमेरिकेत १९३३ साली 'ड्रेफ्ट' आलं, पण ती नाजूक कपड्यांपुरती. जाडजूड मळका कपडा धुणारी 'टाइड' १९४६ ची.

आता आपल्याकडचं. आपल्या बोअरचं पाणी काळ्या कातळातून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबण त्या क्षारांशी मिळाला की दूध नासल्यासारखा पांढरा चोथा होतो. तोच कपड्याला चिकटतो, तोच मोरीच्या कडेला राखट थर धरतो, आणि फेस येतच नाही. बायका म्हणायच्या, "पाणी साबण खातंय." शब्दशः खरं होतं ते. डिटर्जंट या क्षारांपुढं एवढं हात टेकत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यातही फेस येतो.

माझं मत असं की कंपन्या जाहिरातीत पांढरेपणा विकत होत्या, सोलापूर मात्र फेस विकत घेत होतं. मूठभर पावडर, बादलीत हात फिरवला आणि फेस काठावर. ज्या बाईनं आयुष्यभर नळावर उभं राहून साबण घासला पण फेस पाहिला नाही, तिला वेगळी जाहिरात कशाला हवी? फेस आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही ही गोष्ट वेगळी. पुढून दार असलेल्या यंत्रासाठीच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवतात आणि कपडे तरी निघतात. वर गंमत अशी की फेस काढायला पाणी जास्त लागतं, आणि भुलला कोण, तर चार दिवसांआड नळ येणारा गाव.

सर्फ कधी आलं? आणि सगळ्याच पावडरींना लोक 'सर्फ' का म्हणायचे?

हिंदुस्थान लिव्हरनं १९५९ साली आणलं. त्याच काळात स्वस्तिक ऑइल मिल्सचं 'डेट' होतं, मागून टाटांचं 'मॅजिक' आलं. माझ्या पेटीत 'डेट'चा एक चेपलेला खोका आहे, तरुण मुलांनी ते नाव ऐकलेलंही नसतं.

सर्फबरोबर बदलली ती धुण्याची रीत. घासणं, आपटणं, धोपाटणं यांच्याऐवजी बादलीत भिजत घालणं. पावडर विकायची तर आधी ही रीत शिकवावी लागत होती. नवी रीत ज्या नावानं शिकलो तेच वस्तूचं नाव झालं. पुढं ती गादी निरमानं घेतली. आमच्या दुकानातला हा संवाद मी स्वतः अनेकदा ऐकलाय :

"काका, निरमा द्या की पाव किलो."

"कुठला?"

"तो हिरवा."

म्हणजे हिंदुस्थान लिव्हरची व्हील. वडील हिरवा पुडा काढून द्यायचे, दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

निरमा एवढी स्वस्त कशी होती?

अहमदाबादेत करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या भूगर्भ आणि खाण खात्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६९ साली त्यांनी घरच्या मागल्या बाजूला पावडर कालवायला घेतली आणि सायकलवरून दारोदार विकली. मुलगी निरुपमा, तिच्यावरून 'निरमा'. (त्या मुलीबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हृदयद्रावक गोष्टी मी पुढं ढकलत नाही, मला पाठवूही नका.)

किमतीचं गणित असं. सर्फसारखी पावडर करायला उंच मनोरा लागतो. ओला लगदा वरून फवारायचा, खालून गरम हवा सोडायची, मग हलके पोकळ दाणे पडतात. मनोऱ्याला भांडवल लागतं, इंधन लागतं. निरमात हे काही नव्हतं. सोडा राख, ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा मुख्य दाट घटक) आणि इतर भुकटी हातानं कोरडी कालवायची, चाळायची, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायची. सुगंध आणि चकाकी आणणारी रसायनं यांना फाटा. विजेशिवाय हातानं काम असल्यामुळं अबकारी करातही सूट. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या पुढं होतं तेव्हा निरमा तीन-साडेतीनला मिळायची. १९८५ च्या सुमारास वजनाच्या हिशेबात तिनं सर्फला मागं टाकलं होतं.

दुकानदार म्हणून सांगतो, निरमानं सर्फची गिऱ्हाइकं पळवली हे अर्धंच खरं. आमच्याकडं निरमा नेणारी बहुतेक माणसं त्याआधी सर्फ नेतच नव्हती. ती तुकडा आणि चुरा नेणारी होती.

हिंदुस्थान लिव्हरला हे उशिरा उमगलं. मग त्यांनी निरमाची वाढ रोखण्यासाठी एक योजना आखली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'स्टिंग' होतं, म्हणजे नांगी. त्या नांगीतून १९८७ साली व्हील आली.

स्वस्त पावडरीनं हात जळायचे हे खरं, की विरोधी कंपन्यांचा प्रचार?

दोन्ही. सोड्याचं प्रमाण जास्त असलेली पावडर हाताचं तेल ओढून घेते, कातडी सुकते, भेगा पडतात. व्हीलनं याच दुखण्यावर बोट ठेवून स्वतःला खपवलं. पण खरा त्रास निरमासारख्या नामांकित पिवळ्या पावडरीपेक्षा गल्लीतल्या सुट्या पावडरीचा. ॲसिड स्लरी आणि सोडा राख आणली की कुणीही टपात घमेल्यानं कालवून पावडर करू शकत होता आणि करतही होता. अशी एक पावडर आम्हीही पोत्यातून सुटी विकली. स्लरी नीट मुरली नव्हती. आठवड्याभरात शेजारच्या एक काकू तळहात पुढं करून दुकानात उभ्या राहिल्या, बोटांच्या पेरांवरची साल निघाली होती. वडिलांनी पोतं परत पाठवलं. करणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, उलट "बाईनं जास्त वापरली असेल," म्हणाला.

ललिताजी खरंच कुणी होती का?

सर्फच्या जाहिरातीतली व्यक्तिरेखा होती. लिंटास या जाहिरात संस्थेत ॲलेक पदमसी यांच्या काळात ती घडली आणि कविता चौधरींनी साकारली. याच कविता चौधरी पुढं दूरदर्शनवर पोलीस अधिकारी म्हणून दिसल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गेल्या.

ही जाहिरात मला आजही सर्वांत हुशार वाटते. निरमाशी किमतीत लढणं शक्य नव्हतं. मग महाग घेणं म्हणजे उधळेपणा नाही, अक्कल आहे, हे पटवायचं ठरलं. म्हणून बाई कशी, तर भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाला जपणारी. तिनंच "सर्फ की खरीदारी में ही समझदारी है" म्हटल्यावर समोरचा गप्प. एखादी नटी हे बोलली असती तर कुणी मानलं नसतं. नेमकं उलट निरमाचं. तिथं मुलगी गिरकी घेते, गाणं वाजतं आणि हेमा, रेखा, जया, सुषमा ही नावं येतात, म्हणजे कुठल्याही वाड्यातल्या चार बायका. एकीकडं वादविवाद, दुसरीकडं नुसती चाल. आमच्या गल्लीतली पोरं ललिताजीची नक्कल करायची, पण पावडर आणायला पाठवलं की निरमाचं गाणं म्हणत यायची.

तेव्हा जाहिरातीत एकमेकांची नावं घ्यायचे का?

नाही. 'साधी पावडर', 'पिवळी पावडर', 'सस्ती चीज' असं आडून बोलायचे. पुडा उघड दाखवण्यापर्यंत प्रकरण गेलं ते २०१० साली : रिनच्या जाहिरातीत टाइड नॅचरल्सचा पुडा दिसला आणि वाद कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. रिन म्हणजे १९६९ ची निळी वडी, विजेच्या चिन्हाची. म्हणजे रिन आणि निरमा एकाच साली जन्मलेल्या.

सोलापुरात या जाहिराती पोचायच्या कशा?

रेडिओवर विविध भारतीची जाहिरात सेवा १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूरहून सुरू झाली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून. निरमाचं गाणं आधी रेडिओवर गाजलं, पडद्यावर नंतर आलं. भागवत थिएटरात मध्यंतराला काचेच्या स्लाइड पडायच्या, भिंती रंगवल्या जायच्या, जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, स्टॉल लागायचे.

पण आपल्या गावाची एक अडचण होती आणि तीच मला सर्वांत रंजक वाटते. जाहिरात कुठल्या भाषेत करायची? पूर्व भागातलं गिऱ्हाईक तेलुगूत 'सब्बु' मागायचं, अक्कलकोटकडचं कानडीत 'साबूनु', विजापूर वेशीतलं 'साबुन', आम्ही 'साबण'. पुड्यावरची अक्षरं यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसत. म्हणून चित्र हेच नाव झालं. 'फिरणारी पोरगी', 'चाकाची', 'विजेची वडी'. वडिलांना तेलुगू तोडकंमोडकं यायचं, पण पोरगी दाखवायला एका बोटाची गिरकी पुरे व्हायची. आमच्यापुरतं सांगायचं तर घोषवाक्यांनी एक पुडासुद्धा विकला नाही, चित्रांनी पोती विकली.

नीळ, टिनोपाल, उजाला यांत फरक काय?

नीळ धूत नाही, फसवते. पांढरा कपडा जुना होताना पिवळट पडतो, त्यावर निळसर छटा चढवली की डोळ्याला पांढरा वाटतो. पूर्वी रॉबिनची भुकटी असायची. टिनोपालची जात निराळी. ते सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं, म्हणून कपडा उन्हात झळाळतो आणि घरातल्या पिवळ्या बल्बखाली साधाच दिसतो. हीच रसायनं पुढं पावडरीतच मिसळू लागले. उजाला १९८३ साली केरळात एम. पी. रामचंद्रन यांनी काढला. जांभळा द्रव, पाण्यात चटकन मिसळणारा.

'चटकन मिसळणारा' याचं महत्त्व सिद्धेश्वर यात्रेच्या आदल्या दिवशी कळायचं. नंदीध्वजांबरोबर चालायचं तर पांढरी बाराबंदी हवी, ती वर्षभर ट्रंकेत पिवळी पडलेली. आजी नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधायची, बादलीत हिंदकळवायची आणि चिमटीत पाणी धरून रंग बघायची, आभाळापेक्षा फिकट हवा. एका वर्षी पुरचुंडीची गाठ सुटली. खडा तळाशी बसला, बाराबंदी त्यावर, आणि पाठीवर रुपयाएवढा गडद निळा ठिपका. पुन्हा धुतली, लिंबू चोळलं, गेला नाही. काका तीच घालून मिरवणुकीत गेले. त्या वर्षीचा घरातला फोटो आहे, सगळे समोरून आणि काका भिंतीला पाठ लावून.

सोलापुरी चादर पावडरमध्ये कशी धुवायचे?

पायानं. कोरडी चादर जड, भिजली की दोघांना उचलत नाही. बादलीत मावत नाही, आपटता येत नाही. म्हणून मोरीत किंवा हौदाशेजारी फरशीवर पसरायची, वरून पावडरचं पाणी ओतायचं आणि पोरांना वर चढवायचं. तुडवताना बोटांच्या मधून फेस वर येतो, टाचेखाली चादर सरकते, कोपऱ्यातला भिंत धरतो, बाकीचे एकमेकांना. मग दोघं दोन टोकांना, एक उजवीकडे पीळ देणार, दुसरा डावीकडे. घरातली सगळी भांडणं त्या पिळात निघायची. नवी चादर पहिल्या धुण्याला वेगळीच घाला, रंग सोडते. आणि गरम पाणी नको.

'सोप ऑपेरा' या शब्दाचा पावडरीशी संबंध आहे?

आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात दुपारच्या रेडिओ मालिकांचे पैसे साबण कंपन्या द्यायच्या, कारण ऐकणाऱ्या बायका धुणं-भांडी करत असायच्या.

माझ्याकडं जुना पुडा आहे. तो कुठल्या सालचा हे कसं ओळखायचं?

चित्रावर जाऊ नका, बारीक अक्षरं वाचा.

किंमत आण्यात असेल तर माल एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ मध्ये 'नवे' शब्द गळाला. वजन पौंड किंवा औंसात असेल तर तोही बहुधा त्याच सुमाराचा किंवा आधीचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, 'बॉम्बे' पुढं एक-दोन आकडेच असतील तर आधीचा. 'स्थानिक कर वेगळे' असेल तर १९९० च्या आधीचा, 'सर्व करांसह' असेल तर नंतरचा. हिंदुस्थान लिव्हर हे नाव १९५६ पासून २००७ पर्यंत, त्यानंतर हिंदुस्तान युनिलिव्हर. ५०१ वर टाटा ऑइल मिल्सचं नाव असेल तर लिव्हरमध्ये विलीन होण्याआधीचा, म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा.

एकच खूण धरून साल ठरवू नका. कंपन्या जुना छापील माल संपेपर्यंत वापरायच्या, आणि आमच्यासारखे दुकानदार जुना पुडा मागं सारून नवा पुढं ठेवण्याऐवजी कित्येकदा उलटंच करायचे.

जुन्या बाजारात सनलाइटची इनॅमलची पाटी मिळाली. खरी असेल का?

खिळ्याच्या भोकाभोवती बघा. खऱ्या पाटीवर खिळा ठोकताना काचेसारखा थर गोल टवका होऊन उडतो आणि खालचं काळं लोखंड दिसतं. बोट फिरवलं तर अक्षरं किंचित उंच लागतात. नव्या पाट्यांना गंज कडेला सारखा, मापून लावल्यासारखा असतो.

कित्येक वर्षांपूर्वीची बंद पावडर सापडली. वापरू का?

सोडा ओल धरतो, त्यामुळं ती वीट झाली असेल. फोडून फरशी धुवायला घ्या, कपड्याला नको. १९९१ मध्ये एरियल आल्यावरच्या काळातली एन्झाइमवाली असेल तर एन्झाइम केव्हाच मेलेत. पुडा न फाटता पावडर काढता येत असेल तर आधी ती काढा, कारण तिचे क्षार छपाई आतून खातात. रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबू नका, शाई उतरते. लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर लागू नये म्हणून डांबरगोळी पेटीत टाका, पण खोक्याला चिकटवून नको.

तुम्ही विकत घेता का?

नाही. दिलं तर ठेवतो, मागितलं तर परत देतो. सध्या मला 'मॅजिक'चा एकही पुडा मिळालेला नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर आत झुरळं असली तरी चालेल, फक्त झटकायला जाऊ नका, तसाच आणा.